दुपारनंतर मिटणारी पापणी : पेशीपटलावरच्या एका प्रथिनाचं प्रकरण

पेशीपटलातली प्रथिनं शिकवायची म्हटलं की ठरलेला मार्ग आहे. फळ्यावर मेदाच्या रेणूंच्या दोन रांगा काढायच्या, त्यांत मधूनमधून गोळे रुतवायचे, एका गोळ्याला ‘वाहिनी’ म्हणायचं, दुसऱ्याला ‘ग्राही’, तिसऱ्याला ‘पंप’. मुलं उतरवून घेतात आणि परीक्षा झाली की विसरतात. म्हणून हल्ली मी उलटीकडून सुरुवात करते : आधी पेशंट, मग पटल. खालच्या प्रकरणातली बाई कोणी एक खरी व्यक्ती नाही. मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायू दुबळे करणारा आजार ज्या वाटेने जातो त्या वाटेवरून मी तिला चालवलं आहे, म्हणजे प्रत्येक वळणावर थांबून ‘हे का झालं?’ असं विचारता येतं. तिला जे जे होतं ते या आजारात होताना दिसतं.

तक्रार

वय २९. शाळेत शिकवते. सकाळचे तास व्यवस्थित होतात. चौथ्या तासाला आवाज नाकात जायला लागतो आणि शाळा सुटेपर्यंत जीभ इतकी जड होते, की मुलं ‘काय म्हणालात बाई?’ असं पुन्हापुन्हा विचारतात. संध्याकाळी डावी पापणी खाली येते. जिना उतरताना एका पायरीच्या दोन दिसतात. एक डोळा हाताने झाकला की पुन्हा एकच. जेवणाच्या शेवटी शेवटी जबडा दमतो, हनुवटीला हाताचा टेकू देऊन चावावं लागतं. आणि सकाळी उठलं की सगळं जागच्या जागी.

हे ‘सकाळी सगळं ठीक’ प्रकरणच घात करतं. पहिले तीन महिने तिला ताण कमी करा, झोप घ्या असंच सांगितलं गेलं. झोप घेतली की बरं वाटायचं, त्यामुळे सल्ला देणाऱ्यालाही तो बरोबर वाटला आणि घेणारीलाही. थकवा आणि थकणं यांत फरक आहे. थकवा माणसाला सगळीकडून वाटतो. इथे मात्र विशिष्ट स्नायू वापरागणिक दुबळे होत होते.

शेवटी ज्या डॉक्टरांकडे ती पोचली त्यांनी तिचा वेळ चाचण्यांत घालवण्याआधी तिला छताकडे बघायला सांगितलं. ‘मान न हलवता वर बघत राहा, मी थांबा म्हणेपर्यंत.’ पहिली वीस सेकंदं काही नाही. मग डावी पापणी मिलिमीटर-मिलिमीटरने उतरायला लागली, उजवीही थोडी, आणि मिनिट पुरं होईतो डाव्या बुबुळाचा निम्मा भाग झाकला गेला. संवेदना शाबूत, प्रतिक्षिप्त क्रिया शाबूत. हात बाजूला उचलून धरायला सांगितले तर पहिल्यांदा पूर्ण ताकद. वीस वेळा वरखाली केल्यावर तोच हात दोन बोटांनी खाली दाबता आला.

मग त्यांनी हातमोज्यात बर्फ भरून मिटलेल्या डाव्या पापणीवर दोन मिनिटं ठेवला. बर्फ काढला आणि डोळा उघडला तेव्हा पापणी निदान तीन मिलिमीटर वर होती. काही मिनिटांत ती परत उतरली.

‘डॉक्टर, म्हणजे आत सूज होती का?’

‘नाही. गारव्याने एक विकर, म्हणजे एन्झाइम, सुस्तावला. तुमच्या पापणीला निरोप ऐकायला थोडा जास्त वेळ मिळाला.’

उरलेलं प्रकरण या उत्तरातच आहे.

५० नॅनोमीटरची दरी

मेंदूतून निघालेली आज्ञा चेतातंतूवरून विजेच्या लहरीच्या रूपात येते, पण स्नायूला चेता चिकटलेली नसते. मध्ये सुमारे ५० नॅनोमीटरची फट असते आणि वीज ती फट ओलांडू शकत नाही. तिथे निरोप रसायनात भाषांतरित होतो, आणि पलीकडे पुन्हा विजेत. ही दोन्ही भाषांतरं पटलात बसलेली प्रथिनं करतात.

अलीकडच्या काठावर, म्हणजे चेतेच्या टोकाला, विद्युतदाबाने उघडणाऱ्या कॅल्शियमच्या वाहिन्या आहेत. लहर आली की त्या उघडतात, कॅल्शियम आत शिरतं, आणि असिटिलकोलीन या निरोपाच्या रसायनाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या पटलाला भिडून फुटतात. एकेका पिशवीत पाच ते दहा हजार रेणू असतात. माणसात एका लहरीला वीस ते पन्नासच्या आसपास पिशव्या रिकाम्या होतात.

पलीकडच्या काठावर स्नायूपेशीचं पटल सरळ नसतं. त्याला घड्या असतात. घड्यांच्या माथ्यावर असिटिलकोलीनचे ग्राही दाटीवाटीने उभे असतात, एका चौरस मायक्रोमीटरमध्ये सुमारे १०,०००. घड्यांच्या खोलीत सोडियमच्या वाहिन्या. ही मांडणी योगायोगाची नाही. माथ्यावर निरोप ऐकला जातो, खोलात तो मोठा होतो.

हा ग्राही, ज्याला दवाखान्यात सगळे रिसेप्टरच म्हणतात, पाच प्रथिनसाखळ्यांचा बनलेला आहे : प्रौढ स्नायूत दोन अल्फा, एक बीटा, एक डेल्टा, एक एप्सिलॉन. पाचही जणी गोल उभ्या राहून मध्ये एक नळी तयार करतात. असिटिलकोलीनला बसायला दोन जागा आहेत आणि दोन्ही भरल्या की नळी उघडते, साधारण एका मिलिसेकंदापुरती. तेवढ्यात हजारो सोडियम आयन आत घुसतात. म्हणजे ऐकणारा आणि दार उघडणारा एकच. मध्ये कोणी निरोप्या नाही, म्हणून हे इतकं झटपट होतं.

फटीतच एक तिसरं पात्र आहे : असिटिलकोलिनएस्टरेज नावाचा विकर. त्याचं काम निरोप पुसण्याचं. त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो असिटिलकोलीन तोडतो, त्यामुळे निरोप जन्मल्यापासून काही मिलिसेकंदांत संपतो. विद्यार्थ्यांना हे पहिल्यांदा उधळपट्टी वाटते. पण निरोप पुसला गेला नाही तर पुढचा निरोप वेगळा ओळखायचा कसा? वाजतच राहिलेली घंटा काही सांगत नाही. मला विचाराल तर पेशींच्या संभाषणात बोलण्याइतकंच बारकाईने थांबणंही घडवलेलं आहे, आणि पाठ्यपुस्तकं त्याला दोन ओळींवर आटपतात.

बर्फाने नेमका हाच विकर मंदावला होता. तेवढेच रेणू फटीत जरा जास्त टिकले, आणि ज्या ग्राहींना एरवी संधी मिळाली नसती त्यांना ती मिळाली. (गारव्याचे इतरही परिणाम असतात, पण मुख्य धागा हा.)

मग बिघाड कुठे?

इथे मी वर्गाला थांबवते आणि पैज लावायला सांगते. बहुतेक जण चेतेवर बोट ठेवतात : असिटिलकोलीन कमी सुटत असणार. वापराने कमी होतंय म्हणजे साठा संपतोय, असा तो तर्क. तर्क वाईट नाही, पण चुकीचा आहे. या बाईच्या चेता पुरेसं बोलतात. ऐकणारे कमी झालेत.

ते तर्काने कसं दिसतं बघा. लागोपाठ लहरी आल्या की निरोगी माणसातही प्रत्येक पुढच्या लहरीला थोड्या कमी पिशव्या फुटतात, कारण सुटायला तयार असलेल्या पिशव्यांची पहिली रांग आधी संपते. हा उतार सगळ्यांना आहे. आपल्याला तो जाणवत नाही, कारण गरजेपेक्षा कितीतरी जास्त ग्राही उघडतात. समजा स्नायूतंतूला पेटायला ३५ एकक लागतात. निरोगी माणसात पहिल्या चार लहरींना १००, ९०, ८३, ७८ एकक मिळतात. चारही वेळा तंतू आकसतो. आता ग्राही ४० टक्क्यांवर आणा : ४०, ३६, ३३, ३१. पहिल्या दोन लहरींना तंतू आकसला, तिसरीला गप्प. आकडे समजावण्यापुरते घेतलेत, पण आजाराचा स्वभाव त्यांत उतरला आहे. सकाळी ती पहिल्या दोन लहरींच्या जगात असते, दुपारी तिसरीच्या.

हेच नंतर यंत्रावर दिसलं. चेतेला सेकंदाला तीन या वेगाने बारीक झटके दिले आणि स्नायूचा प्रतिसाद मोजला. पहिल्यापेक्षा चौथा प्रतिसाद २८ टक्क्यांनी लहान. १० टक्क्यांहून जास्त घट म्हणजे संशयाला जागा. वेग तीनचाच का, असा प्रश्न एखादा हुशार मुलगा विचारतोच. झटके फार भरभर दिले तर आधीच्या लहरीचं कॅल्शियम चेतेच्या टोकात साचत जातं, जास्त पिशव्या फुटतात आणि घट झाकली जाते. शोधायचं ते दिसावं म्हणून सावकाश ठोठवायचं.

आणि पापणीच आधी का? या आजारात बहुतेकांची सुरुवात डोळ्यांभोवतीच होते. डोळा हलवणाऱ्या स्नायूंना सतत आणि वेगाने निरोप येत असतात, त्यांच्या पटलाच्या घड्या उथळ असतात, राखीव साठा थोडा असतो. शिवाय दंडाची ताकद एक दशांशाने घटली तर कोणाला पत्ता लागत नाही. दोन डोळ्यांच्या रोखात किंचित फरक पडला की लगेच दोन पायऱ्या दिसतात.

मण्यार, विजेचा मासा आणि ससे

ग्राही कमी झालेत हे डोळ्यांनी मोजायला माणसाला १९७३ पर्यंत थांबावं लागलं. आजार मात्र जुना. १६७२ मध्ये थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने एका बाईचं वर्णन केलं, जी बराच वेळ बोलल्यावर माशासारखी मुकी व्हायची. १९३४ मध्ये मेरी वॉकर या ग्रीनिचच्या सेंट आल्फेज रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आलं, की हे दुखणं क्युरारे या स्नायू लुळे करणाऱ्या विषाच्या बाधेसारखं दिसतं. क्युरारेवरचा उतारा होता फायसोस्टिग्मिन, म्हणजे असिटिलकोलीन तोडणाऱ्या विकराला रोखणारं औषध. त्यांनी तो टोचून पाहिला आणि पेशंटची पापणी वर गेली. काही तासांनी ती परत खाली आली, पण बिघाड चेता आणि स्नायू यांच्यामधल्या फटीपाशी आहे हे त्या काही तासांनी सांगून टाकलं. ग्राही ही चीज त्या काळी कोणी हातात धरलेली नव्हती.

ती हातात आली दोन प्राण्यांमुळे. १९६३ मध्ये तैवानात चँग आणि ली यांनी तिथल्या पट्टेरी मण्यारीच्या विषातून अल्फा-बंगारोटॉक्सिन वेगळं केलं. हे विष असिटिलकोलीनच्या ग्राहीवर बसतं आणि सहजासहजी उठत नाही. त्याला किरणोत्सारी खूण लावली की कुठे किती ग्राही आहेत ते मोजता येतं. दुसरा प्राणी विजेचा मासा. त्याचा वीज निर्माण करणारा अवयव म्हणजे बदललेले स्नायूच, आणि त्यांत हे ग्राही ठासून भरलेले. शुद्ध करायला याहून सोयीचं भांडार नाही.

साल्क इन्स्टिट्यूटमध्ये जिम पॅट्रिक आणि जॉन लिंडस्ट्रॉम यांना या ग्राहीविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) हवी होती, फक्त प्रयोगशाळेतलं साधन म्हणून. विजेच्या ईल माशाचा शुद्ध ग्राही त्यांनी सशांना टोचला. दुसऱ्या खेपेनंतर ससे लुळे पडले. मान उचलेना, श्वास घेता येईना. आणि असिटिलकोलीन तोडणाऱ्या विकराला रोखणारं औषध दिल्यावर ते तात्पुरते उठून बसले. माशाच्या ग्राहीवर नेम धरलेली प्रतिपिंडं सशाच्या स्वतःच्या ग्राहीवर जाऊन पडली होती. त्याच वर्षी, १९७३ मध्ये, फॅम्ब्रो, ड्रॅकमन आणि सत्यमूर्ती यांनी मण्यारीचं विष वापरून पेशंटांच्या स्नायूंतले ग्राही मोजले : निरोगी माणसांच्या ११ ते ३० टक्के.

आमच्या बाईंच्या रक्ताची तपासणीही याच विषावर चालते. मानवी ग्राहीला खूण केलेलं बंगारोटॉक्सिन चिकटवतात, त्यात पेशंटचं रक्तद्रव घालतात आणि प्रतिपिंडांनी किती ग्राही ओढून आणले ते मोजतात. तिची तपासणी सकारात्मक आली. आजार अंगभर पसरलेल्या सुमारे ८५ टक्के पेशंटांत ती तशी येते. छातीचं सीटीस्कॅनही झालं, कारण या आजारात थायमस या छातीतल्या, प्रतिकारपेशी घडवणाऱ्या ग्रंथीत गडबड असते आणि १० ते १५ टक्क्यांत चक्क गाठ. तिला गाठ नव्हती, ग्रंथी थोडी फुगलेली होती.

प्रतिपिंड करतं काय?

इथे एक समज मोडावा लागतो. प्रतिपिंड असिटिलकोलीनच्या जागेवर ठाण मांडून बसतं, क्युरारेसारखं, असं चित्र मनात चटकन येतं. थोडी प्रतिपिंडं तसं करतातही. पण मोठं नुकसान दोन वेगळ्या मार्गांनी होतं.

पहिला मार्ग प्रतिपिंडाच्या आकारात आहे. त्याला दोन हात असतात. एका हाताने एक ग्राही धरला, दुसऱ्याने शेजारचा, की दोघांची मोट बांधली गेली. पेशी अशा जोडलेल्या प्रथिनांना पटलासकट आत ओढून घेते आणि पचवते. ग्राही एरवीही कायमचे नसतात. त्यांचं अर्धायुष्य दहाएक दिवसांचं. प्रतिपिंडांमुळे त्यांची झीज दोन ते तीन पट वेगाने होते आणि नवे तयार होण्याचा वेग पुरा पडत नाही. प्रयोगात प्रतिपिंडाचा एक हात तोडून तो सुटा दिला तर तो ग्राहीला चिकटतो, पण ही झीज वाढत नाही. नुसतं चिकटणं पुरेसं नाही, बांधणं लागतं.

दुसरा मार्ग जास्त रांगडा. ग्राहीवर बसलेलं प्रतिपिंड रक्तातल्या पूरक प्रथिनांना बोलावतं. ती साखळीने सक्रिय होतात आणि शेवटी पटलातच भोक पाडणारी रचना बसवतात. गंमत अशी की ही रचनाही पटलात रुतणाऱ्या प्रथिनांचीच, फक्त शत्रूच्या हातातली. त्यामुळे घड्यांचे माथे झडतात, पटल सपाट होत जातं, फट रुंदावते. म्हणजे ग्राही तर जातातच, ते जिथे उभे असायचे ती जमीनही जाते.

यावरून कळतं की रक्तातल्या प्रतिपिंडांचा आकडा आणि पेशंटची अवस्था यांची सांगड का बसत नाही. एकाचा आकडा मोठा आणि आजार डोळ्यांपुरता, दुसऱ्याचा छोटा आणि श्वास अडकलेला, असं दिसतं. प्रतिपिंड ग्राहीच्या कुठल्या भागाला धरतं, पूरक प्रथिनांना बोलावतं का, यावर सगळं अवलंबून. अहवालातला आकडा बघून घाबरणाऱ्या किंवा निर्धास्त होणाऱ्या पेशंटला हे सांगायला हवं.

काही पेशंटांत मात्र ही प्रतिपिंडं सापडतच नाहीत. २००१ मध्ये त्यांतल्या काहींचा गुन्हेगार सापडला : मस्क नावाच्या दुसऱ्याच पटलप्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं. मस्क असिटिलकोलीन ऐकत नाही. चेतेने पाठवलेलं अ‍ॅग्रिन हे प्रथिन एलआरपी-४ या ग्राहीवर बसतं, एलआरपी-४ मस्कला जागं करतं आणि मस्क पेशीच्या आत सांगावा धाडतं : ग्राहींना इथे, नेमक्या या ठिकाणी, गोळा करा. दोन पेशींमधला हा दुसरा संवाद, कायम मागे चाललेला, ‘मी इथे आहे, कान इथे लावून ठेव’ असा. तो बिघडला की ग्राही पांगतात आणि पापणी तशीच पडते. ज्या उंदरांत मस्क मुळातच नाही ते जन्मतःच श्वास न घेता येऊन मरतात.

एकच रेणू, वेगळे अर्थ

उपचार सुरू झाले पायरिडोस्टिग्मिनने, ६० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चारदा. हे औषध तेच करतं जे बर्फाने केलं होतं, फक्त अंगभर. अर्ध्यापाऊण तासात फरक, तीन-चार तास टिकणारा. तिने गोळीची वेळ चौथ्या तासाच्या आधी धरली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तो तास नाकात न बोलता झाला.

आठवड्याने ती परत आली. पोटात मुरडा, दिवसातून चार-पाचदा संडास, तोंडात सतत लाळ.

‘गोळी मला मानवत नाही बहुतेक.’

‘मानवते आहे. ती पापणीला ऐकू गेली तशी आतड्यालाही गेली.’

ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये ग्राझ इथे बेडकाच्या दोन हृदयांवर केलेला प्रयोग इथे आठवतो. एका हृदयाची व्हेगस चेता चेतवून त्याभोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर तेही मंदावलं. द्रवातला तो पदार्थ असिटिलकोलीनच निघाला. हाच रेणू हातापायाच्या स्नायूला आकुंचन पाव म्हणतो आणि हृदयाला हळू हो म्हणतो. रेणूत अर्थ असता तर हे शक्य नव्हतं. अर्थ ग्राहीत आहे. हृदयातला ग्राही, मस्करिनिक जातीचा, स्वतः नळी नाही. पटलातून सात वेळा आतबाहेर गेलेली ती एक साखळी आहे. असिटिलकोलीन बसलं की ती पटलाच्या आतल्या बाजूच्या जी-प्रथिनाला ढोसते, जी-प्रथिनाचा तुकडा सुटून पोटॅशियमची वाहिनी उघडतो आणि ठोके मंदावतात. आतड्यातला भाऊबंद दुसऱ्या जी-प्रथिनाशी बोलतो आणि तिथला स्नायू आवळतो. मध्यस्थ असल्यामुळे हे सगळं नळीवाल्या ग्राहीपेक्षा सावकाश चालतं, पण निरोप वाढवता-वळवता येतो.

विकराला रोखलं की असिटिलकोलीन सगळ्याच फटींत वाढतं. तिच्या पोटातला मुरडा म्हणजे औषधाची चूक नव्हती. तोच निरोप दुसऱ्या कोणी ऐकला होता, एवढंच. मात्रा जरा कमी केली आणि मस्करिनिक ग्राहींना तेवढं दाबणारं दुसरं औषध जोडलं. मुरडा थांबला, पापणी वरच राहिली.

प्रतिपिंडांचं मूळ मात्र पायरिडोस्टिग्मिनने हलत नाही. त्यासाठी प्रेडनिसोलोन हे प्रतिकारयंत्रणा दाबणारं स्टेरॉइड थोड्या मात्रेपासून चढवत नेलं, कारण एकदम मोठी मात्रा दिली तर पहिल्या एक-दोन आठवड्यांत आजार उलट बळावू शकतो. जोडीला तेच काम करणारं अ‍ॅझाथायोप्रिन, ज्याचा गुण दिसायला महिने लागतात. थायमस काढायची शस्त्रक्रिया आजार स्थिरावल्यावर करायचं ठरलं. गाठ नसलेल्या पेशंटांनाही तिचा फायदा होतो हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने दाखवलं.

चुकलेली गोळी

दुसऱ्या महिन्यात तिला लघवीचा जंतुसंसर्ग झाला. जवळच्या दवाखान्यात गेली, आजाराचं नाव सांगायचं राहिलं, विचारलंही गेलं नाही. फ्लुरोक्विनोलोन गटातलं एक प्रतिजैविक मिळालं. निरोगी माणसात त्याने काही बिघडलं नसतं. पण ही औषधं चेता-स्नायूच्या फटीतला निरोप थोडा दाबतात आणि तिच्याकडे दाबायला राखीव काही उरलेलं नव्हतं. जंतुसंसर्गाचा भारही वर होताच. अमायनोग्लायकोसाइड प्रतिजैविकं, शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम, ही त्याच यादीतली नावं.

तिसऱ्या दिवशी पाणी नाकातून परत यायला लागलं. रुग्णालयात बोटावरच्या यंत्राने ऑक्सिजन ९७ टक्के दाखवला आणि एक तरुण डॉक्टर निश्चिंत झाला. ज्येष्ठ डॉक्टरीणबाईंनी तिला उठवून बसवलं. ‘पूर्ण श्वास घ्या आणि एका श्वासात जमतील तेवढे आकडे मोजा.’ ती चौदावर थांबली. निरोगी तरुण माणूस सहज चाळीसच्या पुढे जातो. श्वासाचे स्नायू दमत असतात तेव्हा ऑक्सिजनचा आकडा अगदी शेवटपर्यंत चांगला राहू शकतो. तो पडायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. अर्ध्या तासात ती अतिदक्षता विभागात होती आणि रात्री श्वसनयंत्रावर.

प्लाझ्मा बदलण्याच्या पाच फेऱ्या झाल्या, एक दिवसाआड. तिचं रक्तद्रव काढून टाकायचं, त्यासोबत प्रतिपिंडंही जातात. दुसऱ्या फेरीनंतर मान उचलली, तिसरीनंतर यंत्र काढलं. प्रतिपिंडं हटली की स्नायू इतक्या लवकर उभा राहतो, कारण स्नायूपेशी ग्राही बनवायचं थांबलेलीच नसते. पटलावर टिकू दिलं तर ती जागा भरत राहते.

इथून पुढे उपचारांच्या दोन नव्या वाटा आहेत, दोन्ही प्रथिनांच्या याच नाटकातल्या. एकुलिझुमाब हे पूरक साखळीतल्या सी-५ या प्रथिनाला अडवतं, म्हणजे भोक पाडणारी रचना बसतच नाही. अमेरिकेत या आजारासाठी त्याला २०१७ मध्ये मान्यता मिळाली. एफगार्टिगिमोड २०२१ मध्ये आलं आणि त्याचा नेम मला जास्त आवडतो. आपल्या पेशींच्या आतल्या पटलांवर एफसीआरएन नावाचा ग्राही असतो. पेशीने गिळलेली आयजीजी प्रकारची प्रतिपिंडं तो पचण्यापासून वाचवून परत रक्तात सोडतो, म्हणून ती सुमारे तीन आठवड्यांच्या अर्धायुष्याने टिकतात. हे औषध तो ग्राही अडवतं, आणि प्रतिपिंडं पेशीतच पचून जातात. आमच्या बाईंना यांतलं काही लागलं नाही. शस्त्रक्रिया झाली, वर्षभरात प्रेडनिसोलोन किमान मात्रेवर आलं.

तीन वर्षांनी

ती गरोदर राहिली. अ‍ॅझाथायोप्रिन चालू ठेवलं, बाळंतपणाच्या कागदावर लाल शाईत ‘मॅग्नेशियम नको’ असं लिहिलं. मुलगी झाली, पूर्ण दिवसांची, वजन चांगलं. पण दुसऱ्या दिवशी तिला दूध ओढता येईना. रडणं मांजराच्या पिलाएवढं, डोळे अर्धे मिटलेले.

एफसीआरएन इथे पुन्हा येतो. वारेतून आईची आयजीजी बाळात नेणारा ग्राही तोच. एरवी ही आईची पहिली भेट, जंतूंविरुद्धची शिदोरी. या आईच्या शिदोरीत ग्राहीवर नेम धरलेली प्रतिपिंडंही होती. या आजाराच्या आयांच्या १० ते १५ टक्के बाळांना असं होतं. बाळाची स्वतःची प्रतिकारयंत्रणा ही प्रतिपिंडं बनवत नाही, त्यामुळे आलेला साठा संपेपर्यंतच हा आजार.

नळीने दूध, प्रत्येक पाजण्याआधी पायरिडोस्टिग्मिनसारख्याच निओस्टिग्मिनचा बारीक डोस, आणि श्वासावर नजर. दहाव्या दिवशी पापण्या पूर्ण उघडल्या. तिसऱ्या आठवड्यात नळी काढली. चौथ्या आठवड्यात तपासणीला आणलं तेव्हा बाळ आईच्या खांद्यावरून इतक्या मोठ्यांदा रडत होतं, की डॉक्टरांना आईचं म्हणणं दोनदा विचारावं लागलं.